उशिरा पिकणारा कॅनोला आणि प्रेअरीचा उन्हाळा: फुलोऱ्यापासून कोठीपर्यंतची मार्गदर्शिका

कॅनडाच्या अल्बर्टा, सस्कॅचेवान आणि मॅनिटोबा या तीन प्रांतांतील प्रेअरीच्या सपाट मुलखात कॅनोला (तेलबियांचे पीक) मे महिन्यात पेरला जातो, जूनअखेरीस किंवा जुलैच्या आरंभी फुलू लागतो आणि ऑगस्टच्या शेवटापासून कापणीला येतो. हे वेळापत्रक पाळले गेले तर पीक बहुतेक वर्षी सुखरूप पदरात पडते. परंतु पेरणी जूनपर्यंत लांबली किंवा मध्येच पिकाची वाढ खुंटली, तर सारे पीक दोन-तीन आठवडे मागे सरकते आणि जुलैची उष्णता व सप्टेंबरचे हिमदव यांच्यामध्ये दाणा भरण्यासाठी जो काळ मिळायला हवा तो आखडत जातो. महाराष्ट्रात रब्बीची मोहरी किंवा गहू उशिरा पेरला तर शेवटी उन्हाचा तडाखा बसतो. प्रेअरीवर त्याच मोहरीकुळातील कॅनोलाला शेवटी थंडी गाठते. त्यामुळे आपल्याकडच्या अनुभवावर वाढलेल्या आणि आता तिकडे शेतीसल्ला, धान्यखरेदी किंवा प्रत्यक्ष शेतकाम करणाऱ्या मराठी माणसाला हवामान वाचण्याची आपली सवय थोडी बदलावी लागते.

या मार्गदर्शिकेत एकच गोष्ट ठामपणे सांगायची आहे. उशिराच्या पिकात ऊन, पाऊस, ढगाळ हवा किंवा गारठा यांतील प्रत्येक गोष्ट एकाच कसोटीवर तपासावी: दाण्यातील हिरवेपणा जाण्यासाठी अजून किती उबदार दिवस हवेत, आणि तेवढे दिवस हंगामात शिल्लक आहेत का. शेत बाहेरून तांबूस दिसू लागले म्हणजे पीक पिकले असे नव्हे. उष्णतेने वाळलेले, रोगाने अकाली सुकलेले आणि खऱ्या अर्थाने पक्व झालेले अशी तिन्ही पिके रस्त्यावरून सारखीच दिसतात. शेंग उघडून पाहिल्याशिवाय त्यांतला फरक कळत नाही.

उशीर कोठून आला ते आधी ओळखावे

उशिराचे कारण समजले नाही तर पुढचे निर्णय चुकतात. वसंतात जमीन फार ओली राहिल्यामुळे वापसा उशिरा आला आणि पेरणीच लांबली असेल, तर पीक एकसारखे असते. ते केवळ मागे असते. याउलट कोरड्या जमिनीत पेरलेले काही बी मेमध्ये उगवले आणि उरलेले जूनच्या पावसानंतर उगवले असेल, तर एकाच शेतात दोन वयांची पिके उभी असतात आणि त्यांतील कोणत्या पिकासाठी थांबायचे हे शेतकऱ्याला ठरवावे लागते. पिसू भुंगेऱ्यांनी किंवा वसंतातील गारठ्याने रोपे मारली की दुबार पेरणी होते. जुलैत गारपीट झाली की मोडलेल्या खोडावर नव्या फांद्या फुटून पुन्हा फुलोरा येतो. रोपांची विरळ संख्या हे कारण मात्र अनेकदा लक्षात येत नाही. चौरस मीटरला 50 ते 80 रोपे असावीत असे धरले जाते. ती 40 च्या खाली गेली की प्रत्येक झाड अधिक फांद्या काढते, फुलोरा लांबतो आणि शेत काही दिवस उशिरा पिकते. नत्र गरजेपेक्षा जास्त झाले तरी हिरवी वाढ लांबते.

म्हणून जूनच्या शेवटी शेतात पाच-सहा ठिकाणी रोपे मोजून, त्यांच्या वाढीच्या अवस्था लिहून ठेवाव्यात. दोन वयांची रोपे असतील तर कोणत्या गटाची संख्या जास्त आहे हे याच वेळी नोंदवावे, कारण सप्टेंबरमध्ये सगळे शेत दाट झाल्यावर ते ओळखणे अवघड जाते. उत्पन्नाचा मोठा भाग ज्या गटाकडून येणार आहे, त्याच्याकडे पाहून कापणी ठरवावी.

दिवस उलटे मोजावेत

उघडलेल्या फुलापासून दाणा पूर्ण भरायला साधारण 35 ते 45 दिवस लागतात आणि फुलोरा स्वतः दोन ते तीन आठवडे चालतो. या दोन आकड्यांवरून बरेच काही कळते. समजा, उशिराच्या शेतात पहिले फूल 15 जुलैला उमलले आणि फुलोरा 5 ऑगस्टपर्यंत चालला. तर खालच्या शेंगांतील दाणे ऑगस्टच्या शेवटच्या पंधरवड्यात भरतील, पण शेंड्याकडच्या शेवटच्या शेंगा 9 ते 19 सप्टेंबरच्या सुमाराला भरतील, आणि त्यांचा हिरवा रंग जायला त्यानंतरही काही दिवस लागतील. प्रेअरीच्या बऱ्याच भागांत पहिले हिमदव सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात येऊ शकते. अल्बर्टाच्या उत्तरेकडील पीस नदीच्या खोऱ्यात आणि सखल भागांत ते ऑगस्टच्या अखेरीसही पडते. आपल्या भागातील सरासरी तारीख जवळच्या हवामान केंद्रावरून घ्यावी, पण सरासरीवर भिस्त ठेवू नये. सुमारे निम्म्या वर्षी हिमदव तिच्या आधीच पडते.

याच्या जोडीला उष्णतेचा हिशेब ठेवावा. कॅनोलासाठी आधार तापमान 5 अंश सेल्सियस धरतात: दिवसाचे कमाल व किमान तापमान यांची सरासरी काढून त्यातून 5 वजा केले की त्या दिवसाची उष्णता एकके मिळतात. जुलैतील 26 कमाल आणि 12 किमान तापमानाचा दिवस 14 एकके देतो. सप्टेंबरच्या मध्यातील 18 आणि 4 तापमानाचा दिवस केवळ 6 देतो. म्हणजे जुलैत गमावलेला एक दिवस भरून काढायला सप्टेंबरचे दोन दिवसही पुरत नाहीत. सस्कॅटूनसारख्या ठिकाणी जूनच्या अखेरीस दिवस साडेसोळा तासांहून मोठा असतो आणि सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तो साडेबारा-तेरा तासांवर येतो. ऊन आणि प्रकाश दोन्ही एकाच वेळी आटत जातात. पाच-सात दिवसांचा उशीर मेमध्ये किरकोळ वाटतो, पण सप्टेंबरमध्ये त्याची किंमत दुपटीने मोजावी लागते, हे शेतकऱ्याला पेरणीच्या वेळीच पटवून द्यावे लागते.

या हिशेबाची एक मर्यादा लक्षात ठेवावी. 33 अंशांचा दिवस कागदावर जास्त एकके देतो. पण त्या उष्णतेने पीक चांगले पिकते असा अर्थ त्यातून काढू नये. ताणाने घाईघाईत वाळणे आणि पक्व होणे या वेगळ्या क्रिया आहेत.

फुलोऱ्यातील उष्णता

कॅनोलाला सुमारे 21 अंशांच्या आसपासची हवा मानवते. फुलोऱ्यात तापमान 27 ते 30 अंशांच्या वर जाऊ लागले की परागकणांची क्षमता घटते, फुले गळतात आणि काही शेंगांत दाणेच धरत नाहीत. रात्रीही गारवा मिळाला नाही तर हानी वाढते. किमान तापमान 16 अंशांच्या वर राहिलेल्या सलग रात्री उत्पन्नाला विशेष बाधक ठरतात. नुकसान ओळखायचे असेल तर मुख्य खोडावरील शेंगांची रांग पाहावी. जिथे शेंगा नीट लागल्या आहेत, मग मध्ये नुसत्या देठांचा मोकळा पट्टा आहे आणि त्याच्या वर पुन्हा शेंगा आहेत, तो पट्टा म्हणजे उष्णतेच्या लाटेची नोंद. गंधकाची कमतरता, किडी किंवा तणनाशकाचा मारा यांनीही शेंगा रिकाम्या राहतात, म्हणून पट्ट्याची जागा आणि तापमानाची तारीख जुळते का ते पाहावे.

उशिराच्या पिकाला या बाबतीत कधी फायदा होतो, तर कधी दुप्पट तोटा. जूनच्या अखेरीस उष्णतेची लाट आली तर मेच्या आरंभी पेरलेली शेते फुलोऱ्यात सापडतात आणि उशिराची शेते अजून पानांच्या अवस्थेत असल्याने वाचतात. परंतु जुलैच्या मध्यात किंवा शेवटी उष्णता आली, तर नेमके उशिराचे पीकच भर फुलोऱ्यात असते. 2021 च्या उन्हाळ्यात पश्चिम कॅनडावर जूनच्या अखेरीस उष्णतेचा घुमट (एकाच जागी अडकून राहिलेली तप्त हवा) बसला आणि त्यापाठोपाठ जुलैही तापलेला व कोरडा राहिला. त्या वर्षी देशाचे कॅनोला उत्पादन आदल्या वर्षाच्या तुलनेत चतुर्थांशाहून अधिक घटले. अशा वर्षी पेरणीची तारीख बदलून सुटका होत नाही, कारण पाणीच नसते.

पाण्याचा मुद्दा येथे निर्णायक ठरतो. चांगल्या पिकाला हंगामभर साधारण 400 ते 480 मिलिमीटर पाणी लागते आणि फुलोऱ्यात ते दिवसाला 7-8 मिलिमीटर वापरते. जमिनीत ओल असेल तर कॅनोला उष्णतेच्या लाटेनंतर नव्या फांद्यांवर पुन्हा फुलतो आणि गमावलेल्या शेंगांची काही भरपाई करतो. वेळेवर पेरलेल्या पिकात ही भरपाई सुखावह असते. उशिराच्या पिकात मात्र तिच्याकडे सावधपणे पाहावे. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यानंतर उमललेल्या फुलाचा दाणा हिमदवापूर्वी भरेलच असे नाही, आणि तो अर्धवट हिरवा राहिला तर आधी पिकलेल्या चांगल्या दाण्यांचीही प्रत खाली आणतो. दुसऱ्या बहराचा पिवळा रंग पाहून उत्पन्नाचा अंदाज वाढवू नये.

थंड आणि ओला जुलै

उष्णता नको म्हणून गारवा बरा, असे उशिराच्या पिकाबाबत म्हणता येत नाही. थंड, ढगाळ जुलैत फुलोरा लांबतो, शेंगा भरपूर लागतात, थंडाव्यात भरलेल्या दाण्यात तेलाचे प्रमाणही चांगले असते. पण सारे पीक आणखी मागे जाते. 2004 चा उन्हाळा असाच थंड होता, आणि त्या वर्षी 20 ऑगस्टच्या सुमारास प्रेअरीच्या मोठ्या भागावर हिमदव पडले तेव्हा बरीच शेते अजून हिरवी होती. पीक डोळ्यांना उत्तम दिसत असतानाच त्याचा धोका वाढत असतो, आणि म्हणूनच अशा वर्षी दिवसांचा हिशेब अधिक काटेकोरपणे करावा.

ओल्या फुलोऱ्यात स्क्लेरोटिनिया खोडकुजीचे संकट येते. या बुरशीचे बीजाणू जमिनीवरील छोट्या छत्र्यांतून उडतात, गळणाऱ्या पाकळ्यांवर रुजतात आणि त्या पाकळ्या पानांवर व फांद्यांच्या बेचक्यांत चिकटल्या की तेथून खोडात शिरतात. फुलोऱ्याच्या आधीच्या दोन आठवड्यांत जमीन ओली राहिली असेल, दाट पिकात सकाळी उशिरापर्यंत दव टिकत असेल आणि पावसाचा अंदाज असेल, तर फवारणीचा विचार करावा. तिची योग्य वेळ 20 ते 50 टक्के फुलोरा ही असते. मुख्य खोडावर साधारण 14 ते 16 फुले उमललेली दिसली की 20 टक्के फुलोरा समजावा. दोन वयांच्या शेतात ही वेळ गाठणे कठीण असते. तेव्हा जास्त उत्पन्न देणाऱ्या गटाकडे पाहून फवारावे.

ऑगस्टमधील शेंगा

शेजारची शेते पिकून सुकू लागली की हिरवे राहिलेले उशिराचे शेत किडींना आकर्षित करते. बर्था लष्करी अळी, लायगस ढेकण्या, चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाच्या अळ्या आणि ऑगस्टमध्ये बाहेर पडणारी पिसू भुंगेऱ्यांची नवी पिढी यांसाठी आठवड्यातून दोनदा पाहणी करावी. फवारणीपूर्वी औषधाच्या वेष्टनावर लिहिलेला कापणीपूर्व प्रतीक्षाकाळ अवश्य पाहावा. उशिराच्या पिकात तो काळ आणि हिमदव यांची गाठ पडण्याचा संभव मोठा असतो.

दाणे भरत असताना 30 अंशांच्या वरचे ऊन आणि कोरडा वारा सुटला, तर दाणे लहान राहतात, तेल घटते आणि शेत झपाट्याने रंग बदलते. हिरवेपणा दाण्यातून आपोआप उडून जात नाही; दाण्यातील विकरे (एन्झाइम) हरितद्रव्य मोडतात, आणि त्यासाठी दाण्यात 20 टक्क्यांच्या आसपास तरी ओलावा लागतो. ओलावा त्याखाली वेगाने उतरला की ती क्रिया थांबते आणि हिरवा रंग दाण्यात कोंडला जातो. दाणा वाळून कडक झालेला असतो, बाहेरून तपकिरीही दिसतो, पण चिरडल्यावर आतून हिरवा निघतो. याचा परिणाम थेट भावावर होतो: कॅनडाच्या पहिल्या प्रतीत स्पष्ट हिरवे दाणे 2 टक्क्यांपर्यंत, दुसऱ्या प्रतीत 6 टक्क्यांपर्यंत आणि तिसऱ्या प्रतीत 20 टक्क्यांपर्यंतच चालतात. हरितद्रव्य तेलात उतरते आणि ते काढण्याचा खर्च गिरणीला करावा लागतो, म्हणून ही मर्यादा कडक आहे.

हिमदवाच्या रात्री

निरभ्र आकाश, पडलेला वारा आणि कोरडी हवा ही हिमदवाची लक्षणे आहेत. हवामान केंद्राचा तापमापक जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंच असतो. शांत रात्री पिकाच्या पातळीवरचे तापमान त्याहून एक-दोन अंश कमी असू शकते आणि सखल भागात त्याहूनही. म्हणून शेतातच, शेंगांच्या उंचीवर, किमान तापमान नोंदवणारे दोन तापमापक लावावेत: एक उंचवट्यावर आणि एक खोलगट जागी.

तापमान शून्य ते उणे 2 अंशांवर थोडा वेळ राहिले तर नुकसान बहुधा मर्यादित असते. उणे 3 किंवा 4 अंशांच्या खाली काही तास राहिले तर हिरवे दाणे मरतात. ज्या दाण्यातील ओलावा 20 टक्क्यांच्या खाली गेला आहे तो सहसा वाचतो. दुधाळ आणि मऊ हिरवे दाणे सर्वांत आधी जातात. हिमदवाच्या सकाळी लगेच निर्णय घेऊ नये. पीक वितळून काही तास जाऊ द्यावेत आणि मग वेगवेगळ्या भागांतील शेंगा उघडाव्यात. शेंगांवर नुसते पांढुरके ठिपके आले असतील आणि आतील दाणे टणक असतील, तर पीक उभे ठेवून हिरवेपणा जाऊ द्यावा. घाबरून त्याच दिवशी कापलेले पीक स्वतःच रंग कोंडून बसते. दाणे पाण्यात भिजल्यासारखे, मऊ आणि काळपट झाले असतील तर ते पुन्हा भरणार नाहीत. तेव्हा पक्व दाण्यांचा वाटा किती आहे हे पाहून, आणि शेंगा सुकून तडकायला लागण्यापूर्वी, दव असलेल्या वेळी कापणी करावी.

कापणी कधी आणि कशी

मुख्य खोडावरील सुमारे 60 टक्के दाण्यांचा रंग बदलला की पीक कापून जमिनीवर ओळी घालण्याची योग्य वेळ मानतात. पाच-सहा ठिकाणची झाडे घेऊन खोडाच्या खालच्या, मधल्या आणि वरच्या भागांतील शेंगा फोडाव्यात. दाण्यावर तपकिरी, लालसर किंवा काळा छोटासा ठिपका दिसला तरी तो रंग बदललेला समजावा. वरच्या भागातील दाणे हिरवे असले तरी अंगठा आणि बोट यांमध्ये फिरवल्यावर चिरडू नयेत. विरळ शेतात उत्पन्नाचा मोठा भाग फांद्यांवर असतो, म्हणून तेथे केवळ मुख्य खोड पाहून भागत नाही. फांद्यांवरील दाणेही टणक झाले पाहिजेत. नेहमीच्या हवेत रंग दोन-तीन दिवसांत साधारण 10 टक्के पुढे सरकतो, कडक उन्हात त्याहून लवकर आणि सप्टेंबरच्या गारव्यात हळू.

उशिराच्या पिकात खरी ओढाताण अशी असते: थांबावे तर हिमदवाची भीती, कापावे तर दाणा कोवळा. जोराचे हिमदव येणार असा भरवशाचा अंदाज असेल, तर किमान तीन दिवस आधी पीक ओळीत पाडावे, म्हणजे दाण्यातील ओलावा उतरायला वेळ मिळतो. अंदाज फक्त उद्या रात्रीचा असेल आणि दाणे अजून मऊ असतील, तर घाईने कापण्यात फायदा नाही. ओळीतील ओला दाणाही गोठतोच. उष्ण, कोरड्या, वाऱ्याच्या दुपारी ओळी घालू नयेत. संध्याकाळी, रात्री किंवा पहाटे कापावे. कापल्यावर दाणे हिरवे राहिलेच तर ओळी तशाच ठेवाव्यात: दमदार पाऊस किंवा सलग जड दव मिळाले तर ओलावा पुन्हा वाढून काही हिरवेपणा उतरतो, पण गारव्यात त्याला पुष्कळ दिवस लागतात.

शेंगा न तडकणाऱ्या वाणांची उभी मळणी, म्हणजे ओळी न घालता उभ्या पिकाचीच थेट कापणी-मळणी, आता सर्रास केली जाते. उशिराच्या शेतात तिचा लाभ असा की दाणा शेवटपर्यंत भरत राहतो; तोटा असा की हिमदव आणि शरदातील बर्फ झेलण्यासाठी सारे पीक उघड्यावर उभे असते. 2019 च्या ओल्या शरदात लवकर आलेल्या बर्फामुळे प्रेअरीवरील पुष्कळ कॅनोला हिवाळाभर शेतातच अडकला. दोन वयांच्या किंवा गारपिटीतून सावरलेल्या शेतात म्हणून ओळी घालणेच मी पसंत करेन. पीक रसायनाने वाळवायचे असेल तर डायक्वॉट फार वेगाने वाळवते आणि त्या क्षणीचा हिरवेपणा कोंडून ठेवते, तर ग्लायफोसेट प्रामुख्याने तणांसाठी असून ते पीक झटकन वाळवत नाही. दोन्ही औषधे वेष्टनावरील अवस्थेआधी फवारू नयेत आणि खरेदीदाराला ती चालतात का हे आधी विचारून घ्यावे.

कोठीतील दक्षता

10 टक्क्यांपर्यंत ओलावा असलेला कॅनोला व्यापारात कोरडा मानला जातो, परंतु दीर्घ साठवणीसाठी 8 टक्के ओलावा आणि 15 अंशांखालचे तापमान हे लक्ष्य ठेवावे. हिरव्या दाण्यांचा, तणांच्या बियांचा आणि शेंगांच्या हिरव्या तुकड्यांचा माल नुसत्या सरासरी ओलाव्यावरून सुरक्षित समजू नये. असा माल आतून तापतो. कोठी भरल्यानंतर सुमारे सहा आठवडे दाणे श्वसन करत राहतात, म्हणून पहिल्या दिवसापासून हवा खेळवावी आणि गाभ्याचे तापमान वायरीच्या तापमापकाने नियमित पाहावे. शिखरावरील शंकूत बारीक कचरा साठतो आणि तेथूनच उष्णता सुरू होते. भरलेल्या कोठीतून थोडा माल काढून हा गाभा मोकळा करावा. बाहेर उणे 20 अंश असतानाही कोठीच्या मध्यभागी तापमान वाढू शकते, आणि ते वाढताना दिसताच माल फिरवून थंड करावा किंवा लवकर विकून टाकावा.